हद्दीच्या दगडाबाहेरच्या हांडेबाई

हांडेबाईंची आणि माझी ओळख झाली ती वासावरून. घोडेगावच्या हायस्कुलात मी नुकताच मराठी शिकवायला लागलो होतो. नव्वद सालानंतरची दोन-तीन वर्षं असतील. मधल्या सुट्टीत डबा उघडला, पहिला घास तोंडात घालणार, तेवढ्यात एक हात माझ्या नाकासमोर आला. हातात चुरगळलेलं पान.

"हुंगा," बाई म्हणाल्या.

मी हुंगलं. असा उग्र वास की भूकच मेली.

"ओळखलंत?"

"घाणेरी. आमच्या बेल्ह्याला घराच्या कुंपणालाच आहे की. शेरडं तोंड लावत नाहीत, पैसे पडत नाहीत."

"कुंपणाला! वा! तुमच्यासारख्या शिकलेल्यांनीच वाट लावलीय सगळ्या डोंगराची," असं म्हणून बाई हात धुवायला निघून गेल्या. माझं नाव त्यांनी दुसऱ्या दिवशी विचारलं.

बाई शास्त्र शिकवायच्या. ठेंगण्या, काटक, साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत ओरखडे, काही ताजे, काही खपल्या धरलेले. गाजर गवताची त्यांना ॲलर्जी होती, पावसाळ्यात हात सुजून लाल व्हायचे. तरी रस्त्याच्या कडेला ते दिसलं की बाई थांबल्याच. लग्नाची वरात असो नाहीतर मयतीची माणसं असोत, बाई खाली वाकून गवत उपटायच्या आणि फूल यायच्या आत ते का उपटलं पाहिजे ते शेजारच्या माणसाला सांगायच्या. शेजारचा माणूस बहुतेक वेळा मीच असायचो.

"हिरवं दिसलं की झालं का?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. वनमहोत्सवात कुणी साहेब "सर्वत्र कशी हिरवाई पसरली आहे" असं बोलू लागला की बाई मागच्या रांगेतून हे वाक्य पुटपुटायच्या, आणि त्यांचं पुटपुटणं तिसऱ्या रांगेपर्यंत सहज जायचं. हिरव्यातही आपलं कुठलं, परकं कुठलं, कुठलं दुसऱ्याला जगू देतं आणि कुठलं सगळ्यांच्या उरावर बसतं, हे माणसाला ओळखता आलं पाहिजे, असा त्यांचा हट्ट. शाळेत त्या शुद्ध बोलायच्या. राग आला की मात्र माहेरचं 'व्हतं' आणि 'न्हाई' सुरू व्हायचं. आम्ही त्यावरूनच पारा किती चढलाय ते ओळखायचो.

एकदा शिक्षण खात्याचे मोठे साहेब तपासणीला आले. स्वागताला गुच्छ पाहिजे होता. हेडमास्तरांनी ऐन वेळी पोरींना पिटाळलं. पोरींनी दोन-चार गुलाब आणले आणि भोवती शोभेला रस्त्यावरची बारीक पांढरी फुलं लावली. गुच्छ दिसायला खरंच सुरेख होता. साहेबांनी तो छातीशी धरला, फोटोसाठी हसले. बाई तरातरा पुढं गेल्या आणि तो गुच्छ त्यांच्या हातातून काढून घेतला.

"साहेब, हे गाजर गवत आहे. अंगाला लावू नका. खाजत बसाल."

साहेबांचं हसू तसंच राहिलं. हेडमास्तरांच्या कपाळाला घाम. बाईंनी तिथंच गुलाब वेगळे काढून साहेबांना परत दिले, बाकीचं पदरात गुंडाळलं आणि भर सभेत पोरींना म्हणाल्या, "दहा वर्षं जे मी शिकवलं, ते गेलं कुठं?" त्या पोरी आठवीतल्या होत्या हो. दहा वर्षं कुठली? पण बाईंना सांगणार कोण! पुढं कितीतरी दिवस हेडमास्तर त्यांच्याशी फक्त नोटीस बोर्डावरून बोलत होते.

येडगावच्या धरणावर सहल नेली तेव्हाही तेच. कडेच्या पाण्यात जलपर्णीला जांभळे तुरे आलेले. आमच्या दोन शिक्षिकांनी हौसेनं ते केसांत माळले. झालं! बाईंनी तिथंच उभ्या उभ्या व्याख्यान सुरू केलं. पोरांच्या हातातली भेळ मऊ पडली. पाण्यापाशी जाळं सोडवत बसलेला एक जण म्हणाला, "ऱ्हाऊ द्या की बाई, फुलं बरी दिसत्यात." बाई त्याच्यावर उसळल्या, "जाळं काय उगंच अडकलंय व्हय तुझं? त्या फुलांनीच धरलंय ते!" माणूस बिचारा जाळं घेऊन लांब जाऊन बसला. मला तेव्हा बाईंचा मनापासून वैताग आला होता. माणसानं कधी तरी नुसतं पाण्याकडं बघावं की नाही?

पण ह्या सगळ्या लढाया किरकोळ. बाईंचं खरं दुखणं होतं चिंचदऱ्याला, त्यांच्या माहेरी.

चिंचदरा म्हणजे घोडेगावहून डोंगराकडं जाणारी एसटी जिथं वळून परत फिरते, त्याच्याही वरचं गाव. गावाच्या डोक्यावर भैरोबाची राई. देवाच्या नावानं राखलेलं जंगल, आणि त्याचे नियम कडक. राईत लोखंड न्यायचं नाही, म्हणजे कुऱ्हाड-कोयता बंद. राईतली वाळकी काडीसुद्धा घरी आणायची नाही. आणि बाईमाणसानं हद्दीच्या शेंदरी दगडापुढं पाऊल टाकायचं नाही. ह्या नियमांनीच ती राई एवढी वर्षं टिकली, हे बाईही मान्य करायच्या. लहानपणी त्या त्या दगडाशी बसून आत बघत राहायच्या. आत काळोख, पण खालची जमीन मोकळी. खोडामागं खोड दिसायचं. हिरडा, बेहडा, जांभूळ, आणि त्यांच्या पायाशी त्यांचीच पिल्लं.

मी पहिल्यांदा त्यांना मोटारसायकलवरून तिथं नेलं तेव्हा दगडापलीकडं काही म्हणजे काही दिसत नव्हतं. डोक्याएवढी घाणेरी, भिंतीसारखी. वर लाल-पिवळी फुलं, खाली काटे. तिच्यावर दोन-तीन जुन्या झाडांची टाळकी दिसत होती तेवढीच.

"दर पावसाळ्यात एखादं म्हातारं झाड पडतं," बाई म्हणाल्या, "आणि त्याच्या जागी नवं येत नाही. घाणेरीखाली हिरड्याचं रोप जगतच नाही. आत्ता आहेत ती झाडं मेली की राई संपली. नियम पाळता पाळता संपली."

कोयता चालत नाही म्हणून घाणेरीला कुणी हात लावत नव्हतं. देवाच्या राईतलं सगळं देवाचं, म्हणजे घाणेरीही देवाची! बाईंचे थोरले भाऊ, आण्णा भोर, देवस्थानच्या पंचांत मुख्य. बाई दर सणाला आण्णांशी भांडायच्या. शेवटी आण्णा कंटाळून म्हणाले, "देवालाच इचारू."

देवाला विचारायचं म्हणजे कौल लावायचा. नाना गुरव भैरोबाच्या तांदळ्याला, म्हणजे देव म्हणून पुजलेल्या दगडाला, दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवायचे आणि प्रश्न विचारायचे. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. यात्रेच्या सकाळी पुरुषमंडळी आत गेली. बाई आणि त्यांच्या सोबतीला मी, दगडाबाहेर. बऱ्याच वेळानं आण्णा बाहेर आले.

"डावी पडली."

"काय इचारलं?"

"काय म्हंजे? नानांनी इचारलं, देवा, राई तोडायची का?"

"तोडायची?" बाई एवढ्यांदा ओरडल्या की बँडवाले वाजवायचे थांबले. "आण्णा, तोडायचं कोण म्हणलं व्हतं? घाणेरी काढायची म्हणलं व्हतं मी! तुला कुणी इचारलं घर पाडू का, तर तू हो म्हणशील व्हय?"

नाना गुरव मागून शांतपणे म्हणाले, "देवाला एका वरसात तीच गोष्ट दोनदा इचारीत न्हाईत, बाय."

म्हणजे वर्ष गेलं! एका वाक्यापायी अख्खं वर्ष! मी असतो तर नाद सोडला असता. परतीच्या वाटेवर मागच्या सीटवरून बाई माझ्या कानात ओरडत होत्या, "भैरोबाचं काही चुकलं नाही हो, वाळुंज. जे विचारलं त्याचं त्यानं बरोबर उत्तर दिलं. माणसंच येडी!"

त्या वर्षी घाणेरीवर बुलबुल बसलेला दिसला तरी बाईंचा जीव जळायचा. बुलबुल फळं खाणार, पलीकडं जाऊन शिटणार, तिकडं नवी घाणेरी. पुढच्या यात्रेआधी त्यांनी प्रश्न स्वतः तयार केला आणि नाना गुरवाकडून पाढ्यासारखा पाठ करून घेतला. "देवा, तुझ्या राईत जे तुझं न्हाई, ते भाईर काढायचं का?" म्हातारा दोनदा चुकला, दोन्ही वेळा बाईंनी त्याला पहिल्यापासून म्हणायला लावलं.

मी म्हटलं, "बाई, विचारतायच तर बायकांना आत सोडायचं पण विचारून घ्या की."

"एका वेळी एक," बाई म्हणाल्या. "आधी घाणेरी."

उजवी पडली. आण्णा सांगत होते, नानांचं वाक्य पुरं व्हायच्या आत पडली.

काम पावसाळ्यात, जमीन भिजून मऊ झाल्यावर. गावच्या तरुण मंडळाचे गडी, त्यांचा पुढारी बाळू. लोखंड नाही, मग बाभळीचे टोकदार खुंटे केले, हातांना गोणपाट गुंडाळलं, बुंध्याला दोर बांधून चौघा-चौघांनी ओढायचं. बाई दगडाबाहेर छत्री घेऊन उभ्या आणि तिथून ओरडताहेत. "बाळ्या, ते न्हाई! त्याच्या शेजारचं! अरे, डावीकडं! तुझं डावं कुठलं ते तरी ठाऊक हाय का?" आतून आवाज यायचा, "आत्या, कंचं?" माहेरचं गाव, म्हणून त्या सगळ्यांच्या आत्या. संध्याकाळपर्यंत आत्याचा घसा बसायचा.

पहिल्याच दिवशी गडी मोठ्या मानानं भारे घेऊन बाहेर आले. बाईंनी भारा उचकला. निम्मी घाणेरी, निम्मी कोवळी रोपं. हिरड्याची, जांभळाची. घाणेरीच्या गचपणातून कशीबशी जगलेली तेवढीच रोपं, तीही उपटलेली. "आत्या, पार साफ केलं," बाळू म्हणाला. बाई मटकन खाली चिखलात बसल्या. मी त्यांना रडताना तेवढंच पाहिलं. बाळू गोंधळून माझ्याकडं बघत होता. त्याची तरी काय चूक? खालून उगवलेलं सगळं रान, हे त्याला शेतात लहानपणापासून शिकवलेलं. खुरपणी करायची म्हणजे पीक सोडून सगळं काढायचं, आणि इथं पीक कुठलं ते कुणी सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून बाईंची नवी पद्धत. आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या शर्टाच्या खिशात घाणेरीचं एक पान. "खिशातल्या पानाशी जुळलं, चुरगळून वास आला आणि खोड चौकोनी लागलं, तरच हात लावायचा. न्हाईतर पाया पडायचं आणि पुढं जायचं." गडी हसले. पण पान खिशात ठेवलं.

मग काढलेल्या घाणेरीचं करायचं काय, ह्यावर भांडण. राईतली काडी बाहेर न्यायची नाही! आण्णा हटून बसले. तिथंच टाकली तर ती पुन्हा रुजणार. बाईंनी आण्णांना गाठलं. "ती देवाची न्हाई असं देवानंच सांगितलं ना? मग देवाची नसलेली काडी भाईर न्यायला देवाचा इरोध कसा?" आण्णांनी नानांकडं बघितलं, नानांनी आभाळाकडं. घाणेरी बाहेर आली आणि बांधावर वाळवून जाळली.

मी इथं भराभर सांगतोय, पण ते काही भराभर झालं नाही. कधी कांदालागवड, कधी क्रिकेटचे सामने, कधी मंडळात भांडण. कुणीतरी कंटाळून मुळं न काढता नुसते शेंडेच मोडून टाकायचा. बाई चिडायच्या, "वरून मोडलेली घाणेरी म्हणजे न्हाव्याकडनं आलेलं डोस्कं. जरा थांबा, परत हायेच!" आणि खरंच पुढच्या पावसात ती दुप्पट फुटलेली असायची. पुन्हा दोर, पुन्हा खुंटे, पुन्हा दगडाबाहेरची ओरड. कितीतरी पावसाळे असे गेले. बाईंच्या घरी नवरा वैतागला, शाळेत हेडमास्तर वैतागले, पेट्रोल जाळून जाळून मीही वैतागलो. पण भिंत हटली. एका वर्षी दगडापाशी बसल्यावर आतली खोडं दिसायला लागली. बाळू येऊन सांगायचा, "आत्या, देवापुढं हिरड्याची रोपं गुडघ्याला लागल्यात." बाई त्याला खोदून खोदून विचारायच्या. किती पानं, कुठल्या बाजूला, ऊन येतं का. भाचरांची खुशाली विचारावी तसं. स्वतः मात्र त्यातलं एकही रोप त्यांनी पाहिलं नव्हतं.

मग बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. पुण्याला लेकीकडं त्या बरेच महिने होत्या, आणि नेमक्या त्याच काळात चिंचदऱ्याची भोसरीला कामाला असलेली मंडळी यात्रेला आली. राई मोकळी झालेली त्यांनी पहिल्यांदाच पाहिली.

बाई घोडेगावला परतल्यावर आण्णा स्वतः बोलवायला आले. "सुमन, यात्रेला यायचंच. तुझा सत्कार ठेवलाय. आन आता बायांना मंडपापातुर मोकळीक केलीय. कौल घेऊनच केलंय समदं."

"मंडप कसला?" बाईंनी विचारलं.

"ये की. बघशीलच."

माझी तोवर बदली ठरली होती. बाईंना चिंचदऱ्याला नेण्याची माझी ती शेवटची खेप.

हद्दीचा शेंदरी दगड जाग्यावर नव्हता. तिथून फरशीची वाट आत गेलेली, आणि तिच्या शेवटाला भैरोबापुढं स्लॅबचा सभामंडप. गुळगुळीत टाईल्स, पिवळे खांब, वर पताका. खांबांच्या पोटात लोखंडी सळया असणारच. ज्या राईत आम्ही वर्षानुवर्षं लाकडी खुंट्यांनी उकरत बसलो, त्या राईत! माझ्या तोंडून शिवी गेली. काठी टेकत बाई आयुष्यात पहिल्यांदा राईच्या आत गेल्या, टाईल्सवरून.

"बाळू, रोपं?" त्यांनी विचारलं.

बाळूनं खाली बघितलं, पायाखालच्या टाईल्सकडं. "मी म्हणलो व्हतो, आत्या. त्यांनी न्हाई ऐकलं. म्हणले, एवढी आयती जागा साफ झालीय."

भोसरीचा एक जण उत्साहानं पुढं आला. "बाई, हे समदं तुमच्यामुळं झालं बरं का! तुमी ती घाणेरी काढली नसती, तर एवढी जागा आमाला दिसली तरी असती का?"

त्याला थोबाडावं असं मला वाटलं. तो मात्र अगदी मनापासून बोलत होता, हे जास्त वाईट.

शाल झाली, नारळ झाला. माईक बाईंच्या हातात दिला.

"घाणेरी व्हती तवर तुमी कुणी आत येत नव्हता," त्या म्हणाल्या. "ती मी काढायला लावली. आता तुमी आलात."

त्यांनी माईक खाली ठेवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या! अगदी कडकडून वाजवल्या. आण्णा तेवढे वाजवत नव्हते.

बाई मंडपाच्या मागच्या कडेनं उतरल्या आणि झाडांत शिरल्या. नाना गुरव अर्धे उठले. "बाय, मंडपापातुरच—" बाई थांबल्या नाहीत. नाना पुन्हा खाली बसले. नवी साडी, हातात काठी, ऑपरेशनचा गुडघा, आणि झाडाझाडाशी थांबत बाई आत दिसेनाशा झाल्या. इकडं स्पीकरवर देणगीदारांची नावं सुरू झाली.

जेवणाची वेळ झाली. उन्हाचा कहर होता. मंडळाच्या पोरांनी सतरंज्यांच्या गुंडाळ्या खांद्यावर घेतल्या आणि मंडपामागच्या सावलीत, झाडांखाली पंगत मांडायला निघाली. तेवढ्यात बाई झाडांतून बाहेर आल्या आणि मंडप संपतो तिथं, वाटेत आडव्या उभ्या राहिल्या. पदराला पालापाचोळा लागलेला.

"इकडं पंगत बसायची न्हाई."

"अवं आत्या, सावली हाय. बाहेर टाळकं तापतंय."

"खाली रोपं हायेत. बारकी हायेत, पण हायेत. मी बघितली. एक पंगत उठली तर एक बी ऱ्हायाचं न्हाई."

आण्णा लगबगीनं आले. "सुमे, असं काय करतीस? आगं, बायांना आत सोडलं ते तुझ्यासाठीच की. आता तू बी येत जा, बघत जा. तुला हौस व्हती ना?"

"व्हती," बाई म्हणाल्या. "लई व्हती, आण्णा. बघून झालं. आजपास्नं आत कुणीच यायचं न्हाई. बाया न्हाई, बापये न्हाई, मी बी न्हाई. घाणेरी उगवली तर बाळ्यानं खिशात पान घालून यायचं, तेवढाच. बाकी कुणी न्हाई."

भोसरीकर हसले. एकानं सतरंजी पुढं रेटली. बाई हलल्या नाहीत. काठी दोन्ही हातांत आडवी धरलेली. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहावं की काय ह्या विचारात होतो, तेवढ्यात बाळूनं खांद्यावरची सतरंजी फिरवली आणि फरशीच्या वाटेनं बाहेर चालू लागला. मग दुसरा. मग बाकीचे, कुरकुरत.

पंगत डांबरी रस्त्यावर बसली. डोक्यावर ऊन, पत्रावळीत लापशी, वाढपी चिडलेले, जेवणारे चिडलेले. माझ्या मानेवरून घामाच्या धारा वाहत होत्या आणि शेजारचा माणूस बाईंच्या नावानं बोटं मोडत होता. मी मान वर करून राईकडं बघितलं. सगळी बाहेर आली होती. बाई अजून तिथंच उभ्या होत्या, आमच्याकडं तोंड करून, आणि त्यांना जेवायला ये म्हणून कुणी हाक मारली नव्हती.